हाक न मारता

जैतुनभाभींनी आमच्या दाराची कडी कधी वाजवली नाही. गावात कुणाच्याच दाराची वाजवली नाही. दार उघडं असलं की त्या आत यायच्या आणि लोटलेलं असलं तर ढकलून आत यायच्या. डोक्यावर बांगड्यांची टोपली, तिच्याखाली फाटक्या लुगड्याची चुंबळ, एका हातानं टोपली धरलेली आणि दुसऱ्या हातानं वाटेत येईल ते बाजूला सारत चाललेल्या. माणूस जेवत असो, दाढी करत असो, भांडत असो, त्या थेट चुलीपर्यंत जायच्या आणि खाली बसून म्हणायच्या, "हां, दाव बघू हात."

आमचं गाव पालम तालुक्यातलं, पण रस्त्याला लागून नाही. एसटी फाट्यावर सोडते, तिथून वीस मिनिटं चालावं लागतं. भाभी पालमला राहायच्या. आठवड्यातून एकदा आमच्या गावात यायच्या. त्यांचं माहेर सोनपेठचं, त्यामुळे दीड-दोन महिन्यांनी तिकडची खेडीही करायच्या. नवरा लवकर गेला होता. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी या भागातल्या बायकांचे हात भरले. बायकांची नावं त्या विसरायच्या, मापं विसरायच्या नाहीत. माझ्या आईला त्यांनी जन्मभर 'सव्वादोन' म्हणून ओळखलं असावं असा माझा अंदाज आहे.

घरात जशा न विचारता शिरायच्या, तशाच बोलण्यातही शिरायच्या. दोन माणसं बोलत असली की तिसरं भाभींनाच व्हायचं असायचं. आमच्या शेजारी दोघं भाऊ बांधावरून भांडत होते. एकाच्या हातात काठी आली होती आणि आम्ही पंचवीस-तीस माणसं नुसती बघत उभी होतो. भाभी त्या गर्दीतून आत आल्या आणि दोघांच्या बरोबर मध्ये टोपली ठेवली. "सरका रं मागं," त्या म्हणाल्या, "बांगड्या हायेत. पाय लागंल." काचेच्या बांगड्यांवर पाय देणं अशुभ, त्यामुळे दोघंही चार पावलं मागं झाले. भाभींनी तिथंच बैठक मारली आणि दोन्ही घरच्या बायकांना हाका मारून हात पुढे करायला लावले. भांडण काही मिटलं नाही, बांधाचं अजून चालूच आहे, पण त्या दिवसापुरतं मोडलं.

एकदा आईनं त्यांना हसत विचारलं होतं, "भाभी, एखादी हाक मारून येत जावं की. कामून असं घुसताव?" भाभी म्हणाल्या, "अक्का, हाक मारली की घर शाणं हुतंय. मला येडं घर बघायचं आसतंय." मी तेव्हा दहावीला होतो. मला हे वाक्य विनोदी वाटलं आणि मी ते वर्गात सांगून सगळ्यांना हसवलं.

माझे वडील गेले त्या वर्षी मी डी.एड.ला होतो. आमच्याकडे अशा घरात बांगडीवाली वर्षभर येत नाही. विधवा झालेल्या बाईला ती दिसू नये असा रिवाज आहे, आणि बांगडीवाल्याही तो पाळतात. भाभी चौथ्या दिवशी आल्या. टोपली देवळाजवळ कुणाच्या तरी ओट्यावर ठेवून, रिकाम्या डोक्यानं. ओसरीवर पुरुषमंडळी बसली होती, त्यांच्यामधून वाट काढत त्या आत गेल्या. आईच्या शेजारी बसल्या आणि तिचं मोकळं मनगट आपल्या दोन्ही हातांत घेऊन दाबत राहिल्या. दुसऱ्या बायका कुजबुजायला लागल्या. भाभींनी तिकडं लक्ष दिलं नाही. वर्षश्राद्ध झाल्यावर त्यांनीच आईच्या हातात दोन साध्या, बिनचमकीच्या चॉकलेटी बांगड्या चढवल्या. आई नको नको म्हणत होती. "उघडा हात मला बघवत न्हाई," भाभी म्हणाल्या, "लोकायला काय म्हणायचं ते म्हणू दे, मी भरल्या म्हणून सांग." त्या बांगड्या आईच्या हातात अजून आहेत. हे मी मुद्दाम सांगतो आहे. भाभी कोण होत्या हे मला माहीत नव्हतं, अशी सबब मला नाही.

पुढे मला नोकरी लागली. झरीकडच्या एका शाळेवर नेमणूक झाली आणि मी शनिवारी दुपारी एसटीनं घरी यायला लागलो. दोन वर्षांत गावात नवं घर बांधलं. समोर हॉल, फरशी, लोखंडी फाटक, आणि फाटकाशी बेल. बेलचं बटण आईला दाबून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "कोण वाजवणार हाय हे?" खरंच कुणी वाजवायचं नाही. पण मला ते बटण आवडायचं. मास्तर झाल्यावर माणसाला शिस्तीची चटक लागते. सगळ्या जगानं रांगेत उभं राहावं असं वाटायला लागतं.

धाकटी बहीण अश्विनी तेव्हा वीस वर्षांची होती, पालमच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. वडील नसल्यानं तिचं लग्न ही माझी जबाबदारी होती, आणि ती मी एखाद्या सरकारी कामासारखी अंगावर घेतली होती. पहिलं स्थळ परभणीचं आलं. मुलगा एका ऑफिसात कारकून, माणसं शांत. पाहुणे हॉलमध्ये बसले, पोहे झाले, अश्विनी येऊन पाटावर बसली. मुलाच्या मामांनी ठरलेले प्रश्न विचारले. नाव काय, शिक्षण काय, स्वयंपाक येतो का.

"कुठला येतो," मागून उत्तर आलं. जैतुनभाभी. फाटक, पायऱ्या, हॉल ओलांडून पाहुण्यांच्या पायांतून वाट काढत त्या मधल्या दारापर्यंत पोचल्या होत्या, टोपलीसकट. "परवा माझ्यासमोर भाकर जाळली. पर लिव्हायला वाचायला लय हुशार हाय. आन तुमच्या पोराला येतो का सैपाक?"

पाहुणे हसले. मुलगाही हसला. मान खाली घालून बसलेली अश्विनी इतकी हसली की तिला पदर तोंडाशी धरावा लागला. मी एकटा हसलो नाही. आठ दिवस झाले, पंधरा झाले, परभणीहून निरोप आला नाही. मी मनाशी ठरवून टाकलं की हे भाभींमुळे झालं. फार पुढे कळलं की त्या लोकांना परभणीतलीच मुलगी हवी होती आणि ती त्यांना मिळालीही होती. भाभींचा त्यात काही संबंध नव्हता.

पुढच्या रविवारी भाभी आल्या तेव्हा मी त्यांना हॉलमध्येच अडवलं. टोपली खाली ठेवू दिली नाही. आवाज चढवला नाही, वर्गात समजावतो तसं समजावलं. भाभी, आता हे पहिल्यासारखं घर नाही. इथं चार लोक येतात, बसतात. तुम्ही फाटकाशी थांबायचं, हाक मारायची, कुणी या म्हणलं तर यायचं. आणि पाहुणे असतील तर यायचंच नाही, नंतर यायचं. माझ्या बहिणीच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. भाभींनी सगळं ऐकून घेतलं. लहानपणापासून डोक्यावर टपली मारणाऱ्या, नोकरी लागल्यावर 'अरे मास्तर' म्हणून चिडवणाऱ्या भाभी त्या दिवशी पहिल्यांदा मला अहोजाहो करून बोलल्या. "बरोबर हाय तुमचं," त्या म्हणाल्या. "पोरीची जात हाय. चुकलं माझं."

मग त्या फाटकाबाहेर गेल्या, वळल्या आणि तिथून हाक मारली, "अक्का, हाये का घरात?" आईनं "या" म्हटलं. मग त्या आत आल्या. मला तेव्हा बरं वाटलं. इतकी वर्षं मी मुलांना शिकवत आलो, पण इतका नीट धडा दुसऱ्या कुणी माझ्याकडून घेतला असेल असं वाटत नाही.

दुसरं स्थळ सोनपेठच्या पलीकडचं होतं, गोदावरीकाठच्या एका गावातलं. बागायती जमीन, ट्रॅक्टर, दोघं भाऊ, थोरल्याचं लग्न झालेलं. धाकटा बघायला चांगला होता आणि कमी बोलायचा. मला कमी बोलणारी माणसं आवडतात. बघणं झालं, घर बघून आलो, आणि एप्रिलातल्या एका रविवारी सुपारी फोडायची ठरली. सुपारी फुटली की सोयरीक पक्की. त्यानंतर ती मोडणं म्हणजे दोन्ही गावांत तोंड दाखवायला जागा न उरणं. म्हणून फोडायच्या आधी जाणता माणूस बैठकीला विचारतो, "मंडळी, फोडायची का?" आणि सगळे म्हणतात, "फोडा." दुसरं काही कुणी म्हणाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

बैठक भरली होती. ताटात सुपारी, हळदकुंकू, नारळ मांडून झालं होतं. एवढ्यात फाटकाकडून हाक आली, "मास्तर, हायेत का घरात?"

मी बाहेर गेलो. अकरा वाजले असतील, ऊन फरशीवरून डोळ्यांत येत होतं. भाभी फाटकाच्या पलीकडे उभ्या होत्या. टोपली डोक्यावरच होती. रविवार त्यांचा आमच्या गावचा वार, त्यामुळे मला काही वेगळं वाटलं नाही.

"आत येऊ का?" त्यांनी विचारलं.

"भाभी, पाहुणे बसलेत."

"म्हणूनच आले. दोन शब्द बोलायचे हायेत."

"सुपारी फुटायलीय आत्ता. नंतर या."

भाभींनी माझ्या खांद्यावरून हॉलच्या दाराकडे पाहिलं. आतून माणसांचे आवाज येत होते. फाटकाला कडी नव्हती, नुसतं लोटलेलं होतं. त्यांनी एका हातानं चुंबळ नीट केली. "सोनपेठचेच हायेत ना पाहुणे?" त्या म्हणाल्या. मी "हो" म्हणालो, आणि घाई आहे हे दाखवायला अर्धा वळलोसुद्धा. "बरं," भाभी म्हणाल्या. "घर तुमचं हाय." आणि त्या निघाल्या. मी आत गेलो. जाणत्या माणसानं विचारलं, सगळे "फोडा" म्हणाले, सुपारी फुटली.

लग्नाच्या दोन दिवस आधी चुडा भरायला भाभी आल्या. फाटकाशी हाक मारून आल्या. अश्विनीचे दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी भरले, एकही वाढली नाही. बांगडी फुटली असं त्या कधी म्हणत नसत, वाढली म्हणत. मग चहाला आईजवळ बसल्या आणि जे फाटकाशी सांगायला आल्या होत्या ते त्यांनी तिला सांगितलं. त्या पाहुण्यांच्या थोरल्या सुनेला भाभी पाच वर्षं बांगड्या भरत होत्या. दर खेपेला तिचा उजवा हात मोकळा असायचा. डाव्या हातातल्या बांगड्या जशाच्या तशा, उजव्यातली एकही शिल्लक नाही. "कामानं वाढत्यात त्या दोनी हाताच्या वाढत्यात, अक्का," भाभी म्हणाल्या. "एकाच हाताच्या वाढायल्या म्हंजे कुणीतरी त्यो हात धरायलंय. तिचा नवरा तर सालभर पुण्याला ऱ्हातोय कामाला. मग धरतंय कोण? घरात पुरुष एकच हाय."

संध्याकाळी आईनं मला हे जसंच्या तसं सांगितलं. मी मंडपवाल्याचा फोन येईल म्हणून हातात मोबाईल धरून उभा होतो. मी म्हणालो, "बांगड्यांवरून सोयरीक मोडायची का आता? लोक तोंडात शेण घालतील." आई म्हणाली, "तसं न्हाई, कानावर घातलं." तेवढ्यात मंडपवाल्याचा फोन आला.

पुढचं मी थोडक्यात सांगतो. लांबवून सांगण्याची माझ्यात ताकद नाही, आणि खरं सांगायचं तर सांगताना मला काही होतही नाही. हाताला भुलीचं इंजेक्शन दिल्यावर डॉक्टर टोचतात ते दिसतं, पण कळत नाही, तसं काहीसं. अश्विनी सणाला यायची तेव्हा लांब बाह्यांचा ब्लाउज घालून यायची. मी विचारायचो, "बरं चाललंय ना?" ती म्हणायची, "चाललंय." हाक मारून विचारल्यावर माणूस दुसरं काय सांगणार. दोन वर्षं असं चाललं.

मग एका दुपारी जैतुनभाभी त्या घरात शिरल्या. हे मला अश्विनीनं सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यांनी. भाभी हाक न मारता आत आल्या, सरळ चुलीपर्यंत गेल्या आणि अश्विनीला म्हणाल्या, "दाव हात." तिनं डावा दाखवला. भाभींनी पदराखालचा उजवा ओढून घेतला. तो मनगटाशी सुजून वाकडा झाला होता. तीन दिवस झाले होते आणि घरात कुणी दवाखान्याचं नाव काढलं नव्हतं. भाभी उठल्या आणि सासूला म्हणाल्या, "हिचा हात मोडलाय. मी दवाखान्यात नेती."

सासू म्हणाली, "तू कोण नेणारी?"

"मी बांगड्या भरणारी," भाभी म्हणाल्या. "हात माझ्या कामाचा हाय."

टोपली त्यांनी तिथंच सोडली. पोटापाण्याचा सगळा माल त्या घराच्या चुलीपुढं ठेवून, अश्विनीचा डावा हात धरून त्या बाहेर पडल्या. ओट्यावर तिचा नवरा होता. तो काही बोलायच्या आत भाभी त्याच्या जवळून निघून गेल्या होत्या. फाट्यावर एसटी मिळाली, मग गंगाखेड, मग परभणीचा सरकारी दवाखाना. प्लास्टर होईपर्यंत भाभी बाकावर बसून राहिल्या. मला फोन करावा असं अश्विनी एकदा म्हणाली, तेव्हा भाभींनी "आधी हात" एवढंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी हाक आली. मी उन्हाळी सुट्टीत घरीच होतो. भाभी आणि अश्विनी बाहेर उभ्या होत्या. "आणलंय हिला," भाभी म्हणाल्या. आई धावत गेली. मी फाटक पूर्ण उघडून म्हणालो, "भाभी, आत या." त्या म्हणाल्या, "न्हाई मास्तर, पालमची गाडी हाय." मी दुसऱ्यांदा म्हणालो, तिसऱ्यांदा म्हणालो. माझा आवाज साधाच होता, मला रडू आलं नव्हतं. "राग न्हाई माझा," भाभी म्हणाल्या. "सवय मोडली आता. बाहीरच बरं वाटतंय." डोक्यावर टोपली नव्हती, तरी त्या मान ताठ धरून सावकाश चालत फाट्याकडे गेल्या.

टोपली परत मिळाली नाही. नवी भरून त्या पुन्हा फिरायला लागल्या, आमच्या गावातही यायच्या. दुसऱ्या सगळ्या घरांत पूर्वीसारख्या घुसायच्या. आमच्या फाटकाशी मात्र थांबायच्या, हाक मारायच्या, आणि आई बाहेर पायरीवर येऊन बसली की तिथंच तिच्याशी गप्पा मारायच्या. बेल मी एका रविवारी काढून टाकली. भाभींच्या ते लक्षात आलं असेल.

अश्विनीनं बी.ए. पूर्ण केलं. गंगाखेडच्या कोर्टात तिची तारीख पडत राहते. पालमला एका ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात ती काम करते. उजवा हात पूर्ण वळत नाही, डाव्या हातानं माउस धरते. माझ्याशी नीट बोलते. सुपारीच्या दिवशी भाभी फाटकाशी आल्या होत्या हे मी तिला कधी सांगितलं नाही, चुड्याच्या दिवशी आईला काय कळलं होतं तेही नाही. जे होऊन गेलं ते कशाला उकरायचं, असं मी स्वतःला समजावत आलो.

मागच्या थंडीत जैतुनभाभी गेल्या. ताप आला, चार दिवसांत संपलं. मी आणि अश्विनी मोटारसायकलवर पालमला गेलो. मी अंगणात पुरुषांमध्ये बसलो, अश्विनी आत बायकांमध्ये गेली. तिथल्या माणसांनी पाणी दिलं, मी प्यालो. मला वाटलं होतं की इथं तरी काही होईल, पण मी भिंतीवरच्या मीटरचे आकडे वाचत बसलो होतो. तासाभरानं अश्विनी बाहेर आली आणि आम्ही निघालो. दुपार होती. दोन्ही बाजूंना तुरी वाळत उभ्या होत्या. फाटा जवळ आल्यावर ती मागून बोलली.

"दादा, त्या दिवशी भाभी फाटकाशी आल्या होत्या."

"कोणत्या?" मी विचारलं. मला कळलं होतं.

"सुपारीच्या. मी मधल्या खोलीच्या खिडकीत होते. साडीला पिना लावत होते."

मी गाडी हळू केली. "त्यांना काय सांगायचं होतं ते तुला माहीत होतं?"

"नाही. ते लग्न झाल्यावर थोरल्या जाऊबाईंनी सांगितलं. तेव्हा काहीच माहीत नव्हतं. मला लग्न नको होतं एवढंच. तुला सांगायचं धाडस नव्हतं. भाभी दिसल्या तेव्हा वाटलं, आता आत येतील, काहीतरी बोलतील, सगळे हसतील, आणि हे मोडंल. मी पिना लावायच्या थांबले."

"मग?"

"मग तू एकटाच आत आलास. हसत आलास. मी राहिलेल्या पिना लावून घेतल्या."